निर्यातीची भेंडी आणि गटाची अंतर्गत तपासणी
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भात निघाल्यावर भेंडी घेणे आता नवे राहिलेले नाही. काळू नदीच्या काठी, भातसाच्या पाण्यावर किंवा घरच्या विहिरीवर जिथे सोय आहे तिथे आपण भेंडी करता आणि निवडक माल परदेशी जातो. भेंडी कशी पिकवावी हे मी आज सांगणार नाही, ते आपणांस चांगले ठाऊक आहे. आजचा विषय आहे नोंदींचा, आणि त्या नोंदी आपल्याच गटातील माणसाने तपासण्याचा. विषय रुक्ष वाटेल. पण ऐका, कारण पैसा इथे अडकतो.

युरोपीय देशांत ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याचा अंश किलोला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे शंभर टन भेंडीत एक ग्रॅम. शेजाऱ्याच्या फवारणीचा वारा आपल्या शेतात आला किंवा तणनाशकाचा पंप नीट न धुता भेंडीवर वापरला, तरी एवढा अंश येऊ शकतो. २०१० साली द्राक्षांच्या खेपा युरोपात अडकल्या, त्या क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाच्या अंशामुळे. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा ते नव्हते. प्रयोगशाळा जे शोधते तेवढेच तिला सापडते. शेतात प्रत्यक्ष काय मारले हे फक्त शेतकऱ्याला ठाऊक असते, म्हणून त्याच्या नोंदीला किंमत.

आता गटाचे गणित पाहू. युरोपातील खरेदीदारांनी १९९७ साली युरेपगॅप सुरू केले, २००७ पासून त्याचे नाव ग्लोबलगॅप झाले. दहा-वीस गुंठ्यांच्या शेतकऱ्याला एकट्याने प्रमाणपत्र परवडत नाही, म्हणून गटाने घेण्याची सोय आहे. मात्र अट अशी, की गटाने आपल्या प्रत्येक सभासदाची तपासणी वर्षातून किमान एकदा स्वतः करायची. बाहेरची संस्था सगळ्यांकडे जात नाही. सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतकी शेते ती पाहते. चौसष्ट सभासद असतील तर आठ. त्या आठांत एकाकडे मोठा दोष निघाला, तर प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. गटाची पद्धतच कच्ची ठरते आणि प्रमाणपत्र सर्वांचे अडचणीत येते. २०१४ च्या १ मे पासून युरोपने हापूस आंबा, अळू, कारले, पडवळ आणि वांगी यांवर बंदी घातली होती ती आठवा. किडी सापडल्या काही खेपांत, बंदी आली साऱ्या देशाच्या मालावर. आंब्यावरची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली, पण मधला हंगाम हातचा गेला.

मग तपासणी करायची कशी? माझे मत असे, की आधी वही उघडूच नये. आधी औषधे ठेवतात त्या पडवीत जावे. तिथे असलेली प्रत्येक बाटली नोंदवहीत आहे का, हे पाहावे. दुकानाची पावती घ्यावी. समजा पावती ५०० मिलिलिटरची आहे, वहीप्रमाणे वापर झाला २००, आणि बाटलीत शिल्लक आहे १००. उरलेले २०० गेले कुठे? वालावर मारले असेल तर वालाची नोंद दाखवा. एवढ्या एका हिशेबाने जे कळते ते दहा पानी तक्त्याने कळत नाही. सगळी वही एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली असेल तर तेही डोळ्यांना दिसतेच.

दुसरी गोष्ट तोडणीची. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर ती निबर होते. औषधाच्या लेबलावर फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचे दिवस दिलेले असतात. तीन दिवस थांबायला सांगितले असेल, तर मधली तोडणी निर्यातीला द्यायची नाही. भेंडीत खरी अडचण हीच आहे. तेव्हा फवारणीची तारीख आणि व्यापाऱ्याच्या काट्याच्या पावतीची तारीख शेजारी शेजारी ठेवा. शंका आली तर पहाटे तोडणीला येणाऱ्या बायांना विचारा. औषधाचा वास कोणत्या दिवशी होता, हे त्या बरोबर सांगतात. फवारणाऱ्या मजुराला लेबलावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण ओळखता येतो का, तेही पाहा. लाल म्हणजे अतितीव्र विष.

या कामात संगणकाची मदत होते. अपेडाने २००६ साली द्राक्षांसाठी ग्रेपनेट सुरू केले आणि पुढे भाजीपाला व आंब्यासाठीही तशी व्यवस्था झाली. तीच आता हॉर्टिनेट नावाने चालते. त्यात शेताची नोंदणी होते, आणि खेप कोणत्या शेतातली हे मागे शोधता येते. गटाच्या आतील कामासाठी वेगळे सॉफ्टवेअर मिळते. ते घेताना दिखाऊ तक्त्यांना भुलू नका. तीन गोष्टी विचारा. रेंज नसताना नोंद घेता येते का? डोंगरालगतच्या पाड्यांवर हे आधी लागते. मराठीत चालते का? आणि थांबण्याचे दिवस संपण्याआधी तोडणी नोंदवली तर ते इशारा देते का? दोष निघाला की तो कोणाचा, काय सुधारायचे, कधीपर्यंत, आणि सुधारल्याचा फोटो, एवढे त्यात राहिले पाहिजे. बाहेरच्या तपासणीत निघालेला दोष दुरुस्त करायला साधारणपणे अठ्ठावीस दिवस मिळतात. अठ्ठाविसाव्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा फोनने सातव्या दिवशी आठवण दिलेली बरी.

धसई गाव २०१६ च्या डिसेंबरात रोकडविरहित जाहीर झाले. यंत्र आपल्याकडे यायला वेळ लागत नाही. पण भरलेच नाही ते यंत्राला कळणार कसे? संध्याकाळी पंप धुतल्यावर लगेच नोंद झाली तर ती खरी. महिन्याची एकदम भरली, तर फोनात गेली काय आणि वहीत गेली काय, सारखेच.

राहिला भावकीचा प्रश्न. आपल्या गावात काकाच्या शेतातला दोष पुतण्याने लिहायचा, हे अवघड आहे आणि त्यात काही लाजण्यासारखे नाही. यावर मला एकच उपाय पटतो. मुरबाडच्या गटाने आपला शिकवून तयार केलेला तपासनीस शहापूरला पाठवावा आणि शहापूरच्या गटाने आपला मुरबाडला. औषध विकणाऱ्याला किंवा माल उचलणाऱ्याला तपासनीस मात्र करू नका. आणि दोष लिहिला म्हणून कोणी त्याच्याशी बोलणे टाकणार नाही, हे गटाच्या पहिल्या बैठकीतच ठरवून इतिवृत्तात लिहा.

पहिली फेरी भेंडी पेरण्यापूर्वी, भात खळ्यावर असतानाच घ्यावी. पाण्याचा उगम, शेजारचे पीक, वाऱ्याची दिशा, पंपांची संख्या, सारे तेव्हा शांतपणे पाहता येते. बियाण्याची रिकामी पिशवी फेकू नका. बियाण्याला कोणते औषध लावले आहे ते तिच्यावरच छापलेले असते, आणि नोंदवहीतली पहिली ओळ तिथूनच लिहायची आहे.