खर्चीवाल्याचा हिशोब



अध्यक्षीय भाषणाची पहिली दहा मिनिटे आभारात जातात. ती वाचवून मी थेट विषयावर येतो. आपल्यापैकी बहुतेकजण कापडधंद्याचे लेखापरीक्षक, प्रकल्प अहवाल लिहिणारे किंवा गुंतवणुकीचा सल्ला देणारे आहेत. परदेशातला एखादा फंड, एखादी कापड कंपनी किंवा दुबई-सिंगापुरात स्थिरावलेला आपलाच एखादा मराठी उद्योजक जेव्हा विचारतो, की भारतातल्या अमुक गिरणीत पैसा घालावा का, तेव्हा उत्तराचा कागद आपल्या टेबलावर तयार होतो. या कागदाचा एक साचा ठरून गेला आहे. सुरुवातीला देशाची लोकसंख्या, मग कापसाचे पीक, मग या क्षेत्रात शंभर टक्के परदेशी गुंतवणुकीला थेट मार्गाने असलेली मुभा, २०२१ ची १०,६८३ कोटींची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणि देशात ठरलेली सात पीएम मित्र वस्त्रोद्याने, त्यांत आपले अमरावतीही. हे सगळे खरे आहे. पण यातले एकही वाक्य त्या विशिष्ट कंपनीविषयी काही सांगत नाही. देशाची सुबत्ता आणि कंपनीचा नफा यांत जे अंतर आहे ते मोजण्यासाठीच तर आपल्याला मेहनताना मिळतो.

हे अंतर मोजण्याची पट्टी कुठून आणायची? परदेशी पाठ्यपुस्तकांत ती सापडेल, पण त्याहून चांगली पट्टी या गावाच्या गल्लीत पडली आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग घातला. (तेव्हापासून वाढत गेलेल्या या गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात. मँचेस्टरच्या गिरण्यांचे पुढे काय झाले हे ज्याला ठाऊक आहे त्याने हे बिरुद जरा जपून वापरावे.) या धंद्यात पुढे एक वर्ग तयार झाला, त्याला आपण खर्चीवाला म्हणतो. सूत व्यापाऱ्याचे, बीम व्यापाऱ्याचे, विणून निघालेले कापडही व्यापाऱ्याचे. खर्चीवाल्याची फक्त शेड, माग आणि मेहनत. त्याला मिळते ती मजुरी, आणि ती पिकावर ठरते. एका इंचात बाण्याचे जितके धागे तितकी पिके. समजा कापड ५२ पिकाचे आहे आणि मजुरी पिकाला १० पैसे ठरली, तर मीटरला ५ रुपये २० पैसे. त्यातून वीज, कामगार, कांडी भरणे, सुटे भाग, शेडचे भाडे आणि बँकेचा हप्ता गेला, की उरेल ते त्याचे. कापूस चढला की पडला, डॉलर कुठे गेला, जमिनीला काय भाव आला, यांपैकी काहीही त्या ५ रुपये २० पैशांत लपवता येत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे, की कोणतीही कापड कंपनी, ती पन्नास मागांची असो वा लाखभर चात्यांची, परदेशी गुंतवणूकदारापुढे ठेवण्यापूर्वी तिला कागदावर खर्चीवाला करून पाहावे. कच्च्या मालाची मालक ती नाही असे धरावे, आणि निव्वळ रूपांतराच्या मजुरीवर ती जगते का ते बघावे.

असे करायचे कारण म्हणजे कापड कंपनीच्या नफ्यात तीन परके नफे विणकामाचा वेश घेऊन बसलेले असतात. पहिला कापसाचा. सूतगिरणीच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा कापसाचा असतो, आणि कापूस मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात बाजारात येतो, म्हणून गिरणी तेव्हा खरेदी करून गाठींच्या थप्प्या लावते. आता आकडे मांडू. गाठ १७० किलोची. दहा हजार गाठी म्हणजे १७ लाख किलो. किलोमागे भाव पन्नास रुपयांनी हलला तर साडेआठ कोटींचा फरक पडतो, एकही चाती जास्त न फिरता. २०२२ च्या मे महिन्यात शंकर-६ कापसाची ३५६ किलोची खंडी लाखाच्या वर गेली आणि पुढल्या वर्षी साठ हजारांच्या आसपास आली. ज्यांनी हंगामाच्या सुरुवातीला स्वस्त कापूस भरून ठेवला होता त्यांची मार्च २०२२ ची नफातोट्याची पत्रके बघा, आणि मग त्याच गिरण्यांची मार्च २०२३ ची. पहिल्या वर्षी व्यवस्थापन थोर ठरले, दुसऱ्या वर्षी जागतिक परिस्थिती वाईट ठरली. दोन्ही वर्षी गिरणीने काम तेच केले होते.

हा नफा वेगळा काढणे अवघड नाही. नफातोट्याच्या पत्रकात वापरलेल्या कापसाला खरेदीची किंमत लावलेली असते. त्याऐवजी ज्या दिवशी सूत विकले त्या दिवशीच्या बाजारभावाने कापूस मोजा आणि घट वजा करा. सुताच्या किमतीतून हा आकडा गेला की उरते ती गिरणीची मजुरी. साठ्याची नोंदवही आणि विक्रीची बिले हाताशी असली तर आठवड्याभराचे काम आहे. यावर गिरणीमालक म्हणतात, कापूस वेळेवर घेणे हेही कौशल्यच आहे, ते का पुसून टाकता? आक्षेप रास्त आहे, मी ते पुसायला सांगत नाही. पण ते कौशल्य व्यापाऱ्याचे आहे, आणि व्यापाऱ्याच्या मिळकतीला कारखान्याच्या मिळकतीइतकी पट लावून कोणी किंमत देत नाही. शिवाय ते कौशल्य बहुधा एका माणसाच्या डोक्यात असते, तो माणूस म्हणजे स्वतः शेठ, आणि परदेशी खरेदीदाराने कंपनी घेतली की पहिल्यांदा घरी जातो तो तोच.

दुसरा परका नफा सरकारचा. व्याजाची सवलत, विजेची सवलत, निर्यातीवरचा परतावा, आयात करणाऱ्या देशाने दिलेली शुल्कमाफी. यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की सवलत नसलेला कापडधंदा जगात कुठे आहे? चीनमध्ये नाही, व्हिएतनाममध्ये नाही. मग ती वगळून मोजणे म्हणजे स्वप्नातला धंदा मोजणे. मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. सवलत मोजावी, पण वेगळ्या रकान्यात आणि तिच्या मरणाची तारीख लिहून. इथिओपियात हवासा नावाचे वस्त्रोद्यान २०१६ मध्ये उघडले. अमेरिकेत शुल्कमाफीने जाणारे कपडे हा त्याचा पाया. पीव्हीएच ही बडी अमेरिकी कंपनी तिथे आली, आपल्याकडून रेमंडनेही तिथे शिवणकारखाना घातला. शेड नवे, यंत्रे नवी, मजुरी जगातल्या सर्वांत कमी मजुरींपैकी. तिथल्या तिग्राई प्रांतात युद्ध पेटले, अमेरिकेने माफी काढण्याचे जाहीर केले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पीव्हीएचने आपला कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. १ जानेवारी २०२२ पासून माफी संपली. त्या कारखान्यांत विणणे-शिवणे बिघडले नव्हते. बिघडले ते दुसऱ्या रकान्यात. बांगलादेशचे गणित याच जातीचे. अतिमागास देशांच्या यादीतून बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी त्याला २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवून दिली आणि युरोपने त्यापुढे तीन वर्षांची मुदत देऊ केली. तिथल्या कंपनीचे मोल करताना या तारखा पहिल्या पानावर असायला हव्यात. आणि सवलत जशी जाते तसा दंडही येतो: ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के वाढीव शुल्क लावले तेव्हा तिरुपूरच्या निर्यातदाराचे कौशल्य रात्रीतून कमी झाले नव्हते.

तिसरा नफा जमिनीचा, आणि मुंबई जवळ असल्यामुळे आपल्याला तो सर्वांत मोह घालतो. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना विकली. त्या ७०२ कोटींत एक मीटर कापडही नव्हते. लोक म्हणतात, धंदा बुडाला तर जमीन आहेच, तोच सुरक्षिततेचा आधार. पण जमिनीचे ते मोल गिरणी बंद झाल्यावर येते, चालू असताना नाही. आणि बंद करताना कामगारांची देणी, बँकांचे बोजे, विकास नियमावली आणि कोर्ट हे चौघे वाटेत उभे असतात. गिरगावापासून परळपर्यंत कुणालाही विचारा. गिरण्यांच्या जमिनींबाबतचा १९९१ चा नियम ५८ काय होता, २००१ च्या दुरुस्तीने त्याचे काय झाले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो वाद कुठे संपला, हे ज्याला समजून घ्यायचे त्याने ते बांधकामाच्या अहवालात घ्यावे. ज्याला जमीन हवी त्याने जमीन विकत घ्यावी. मध्ये पाचशे माग कशाला?

आता सर्वांत मजबूत आक्षेपाकडे येतो. तरुण सहकारी म्हणतात, हे सगळे जुन्या गिरण्यांना लागू आहे. नवे एअरजेट माग, स्वयंचलित चात्या, कमी माणसे, कमी वीज: अशा कंपनीची मजुरी इतरांपेक्षा जास्त उरणारच. उरते, खरे आहे. किती काळ उरते हा प्रश्न. एअरजेट बनवणारा कारखाना बेल्जियममध्ये किंवा जपानमध्ये आहे आणि तो आपल्याला विकतो तसाच भिवंडीलाही विकतो, फैसलाबादलाही विकतो. दोन-तीन वर्षांत सगळ्यांकडे तेच यंत्र येते, पिकाचा दर खाली येतो आणि वाचलेला खर्च कापड घेणाऱ्याच्या खिशात जातो. या गोष्टीचा जगातला सर्वांत प्रामाणिक हिशोब वॉरन बफेट यांनी दिला आहे. १९६५ मध्ये त्यांनी न्यू बेडफर्डची बर्कशायर हॅथवे ही कापडगिरणी ताब्यात घेतली आणि वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, तिचे कापडकाम बंद केले. १९८१ मध्ये पाच-पाच हजार डॉलरना घेतलेल्या मागांना शेवटी पन्नास डॉलरना गिऱ्हाईक मिळेना. ते २६ डॉलरने भंगारात गेले, आणि ते हलवायचा खर्च त्याहून जास्त होता. ज्यांना वाटते की बर्कशायरने यंत्रांवर पुरेसा खर्च केला नाही, त्यांच्यासाठी बफेट यांनीच बर्लिंग्टनचे उदाहरण ठेवले. अमेरिकेतल्या त्या सर्वांत मोठ्या कापड कंपनीने १९६४ ते १९८५ या काळात यंत्रसामग्रीवर सुमारे तीन अब्ज डॉलर ओतले. साठ डॉलरचा शेअर विभाजन जमेस धरून अडुसष्टला पोचला, आणि दरम्यान महागाई तिपटीहून जास्त झाली. दरवेळी नवे यंत्र घेण्याचा प्रस्ताव कागदावर फायद्याचाच होता. आपल्याकडे हाच धडा कर्जाच्या भाषेत आलोक इंडस्ट्रीजने दिला: २०१७ मध्ये दिवाळखोरी संहितेखाली गेली तेव्हा देण्यांचे दावे तीस हजार कोटींच्या घरात होते, आणि २०१९ मध्ये सुमारे पाच हजार कोटींच्या योजनेला मंजुरी मिळाली.

ब्रँड असलेल्या कंपन्यांचे काय, असे विचारले जाते. त्यांना ही पट्टी लागत नाही, कारण ती मुळात दुकाने आहेत; त्यांचे मोल दुकानाच्या पट्टीने करा. मात्र बड्या परदेशी दुकानसाखळ्यांना माल देणाऱ्या कंपनीला ब्रँडवाली समजू नका. २०१६ च्या ऑगस्टमध्ये चादरींतल्या इजिप्शियन कापसावरून एका अमेरिकी साखळीने आपल्याकडच्या एका मोठ्या निर्यातदाराशी संबंध तोडले, आणि काही दिवसांत त्या कंपनीच्या शेअरची किंमत निम्म्याजवळ आली. ब्रँड कोणाचा होता ते त्या आठवड्यात कळले.

परदेशी गुंतवणूकदाराला आणखी एक गोष्ट लागते, जी आपल्याला घरबसल्या जाणवत नाही. २०११ च्या सुरुवातीला डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता. २०२५ मध्ये पंच्याऐंशीच्या पुढे. म्हणजे वर्षाला साडेचार टक्क्यांहून अधिक घसरण. रुपयात बारा टक्के देणारी गिरणी त्याला सातच्या आसपास देते. निर्यातदार कंपनीला रुपया पडल्याचा फायदा होतो, मग हे भरून निघत नाही का? थोडेफार निघते. पण कापसाचा देशी भावही जगाच्या भावामागे धावतो, आणि रुपया पडला की परदेशातला खरेदीदार पुढच्या ऑर्डरला सूट मागतो. तोही वर्तमानपत्र वाचतो.

मग अहवालासाठी कुठे पाहायचे? सभागृहात दाखवल्या जाणाऱ्या चित्रफितीत नाही. विजेचे बिल आणि सुताचे उत्पादन शेजारी ठेवून किलोमागे किती युनिटे जळली ते बघा, आणि हा आकडा किमान सात-आठ हंगामांचा मागा, म्हणजे त्यात २०२२ येईलच. घटीचे गोदाम बघा. तिथे काय पडले आहे ते उत्पादन अहवालापेक्षा खरे बोलते. मागांच्या शेडमध्ये गेलात तर किती माग सुटे भाग काढून घेतल्यामुळे उभे आहेत ते मोजा. उधारीच्या यादीत गिऱ्हाईक किती दिवसांनी पैसे देते ते पाहा. २०२४ पासून लहान उद्योगांचे देणे पंचेचाळीस दिवसांत चुकते केले नाही तर ते करासाठी त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही, तेव्हा ही यादी आता कराचाही दस्तऐवज आहे. आणि कंपनीत रंगाई-धुलाई असेल तर सांडपाण्याचा नळ जिथे संपतो तिथपर्यंत चालत जा. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून तिरुपूरचे रंगाईचे कारखाने बंद करायला लावले, तेव्हा कित्येक चांगल्या ताळेबंदांमागचा सांडपाण्याचा खर्च नदीने आजवर उचलला होता हे उघड झाले. पंचगंगेच्या काठी बसून ही गोष्ट मी जास्त लांबवण्याची गरज नाही.

हे सगळे वजा केल्यावर मजुरी उरेल अशा कंपन्या आहेत. थोड्या आहेत. त्यांची चिन्हे बहुधा कंटाळवाणी असतात: एकाच प्रकारच्या सुतात वर्षानुवर्षे टिकलेले काम, कमी कर्ज, पडत्या हंगामात यंत्रे स्वस्तात घेण्याची सवय, आणि कापसाच्या तेजीत गप्प राहिलेला मालक. अहवालात त्यांच्याविषयी लिहायला फार काही नसते, म्हणून त्या आपल्या यादीत मागे पडतात.

दुपारच्या सत्रात तीन सूतगिरण्यांचे आठ वर्षांचे ताळेबंद, साठ्याच्या नोंदी आणि वीज-बिले आपल्यापुढे ठेवली जातील. नावे झाकलेली आहेत. तिन्हींनी २०२२ साली घसघशीत नफा दाखवला आहे. जेवणानंतर आपण त्यांची किलोमागची मजुरी काढू. कागद टेबलांवर पोचलेच आहेत, कॅल्क्युलेटर मात्र ज्याचा त्याने आणावा.