शेवटचे कडवे गाळू नका

‘लोकशाहीर वामनदादा कर्डक : जीवन आणि कार्य’ हा विषय मला नेमून दिलेला आहे, परंतु दादांचे चरित्र परभणी जिल्ह्यातील गावोगावच्या श्रोत्यांस मी नव्याने सांगावे असे नाही, आणि म्हणून हाती असलेला हा थोडका वेळ एका विनंतीसाठी खर्च करण्याची मी आपली अनुज्ञा घेतो. विनंती अशी की, दादांचे गीत गाताना त्याचे शेवटचे कडवे गाळू नका.

गेल्या एप्रिलमध्ये एका गावी आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमास मी गेलो होतो. एका तरुण गायकाने दादांचे एक गीत असे काही गायिले की, मंडपाच्या कडेला उभी असलेली लेकुरवाळी माणसेसुद्धा पुढे सरकली. मात्र तिसरे कडवे संपताच त्याने हात जोडले आणि ढोलकी थांबली. मागाहून मी विचारले, “बाळ, हे गाणं कुणाचं?” तो म्हणाला, “जुनं भीमगीत है काका, समद्याईचंच है.” ज्या कडव्यात ‘वामन’ हे नाव होते, नेमके तेच त्याने सोडले होते, आणि ते आहे याची त्यास वार्ताही नव्हती.

आमच्या घरी आईचे एक पितळी पातेले होते. त्याच्या काठाखाली, ठिपक्याठिपक्यांनी, तिचे नाव घातलेले होते. गावात कोणाकडे कार्य निघाले की ते पंगतीच्या स्वयंपाकास जाई, चार घरे फिरे, जाळाने काळे पडे, क्वचित पोचाही घेऊन येई. पण राखेने घासून नाव दिसले की जिचे तिच्या घरी बिनतक्रार परत येई. गाण्याचेही तसेच आहे. ते मागून न्यावे, वापरावे, त्यातून चारचौघांस वाढावे, याचसाठी घडविलेले असते. झाकून ठेवण्यासाठी नव्हे. चाल बदलली, पेटीच्या जागी कीबोर्ड आला, तर तो कल्हईचा फरक झाला, आणि कल्हई आतून होते, बाहेरच्या नावास तिचा उपसर्ग नसतो. परंतु काठाखालचे नाव एकदा कानशीने घासून काढले की भांडे बेवारस झाले. मग ते मोडीत घालण्यास कोणाची हरकत उरत नाही. शेवटचे कडवे गाळणे म्हणजे ती कानस होय. हे आपण वेळ वाचविण्यासाठी करतो, चोरीच्या बुद्धीने नव्हे, हे मी जाणतो. तथापि नाव जायचे ते जातेच.

आणि नाव तरी कोणाचे? १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या आणि पोटासाठी मुंबईस आलेल्या या निरक्षर तरुणापुढे तेथील चाळीत कोणी एक पत्र वाचण्यासाठी धरले, आणि आपणास वाचता येत नाही या जाणिवेने त्यास रडू कोसळले. पुढे देहलवी नावाच्या गुरुजींकडून त्याने मुळाक्षरे गिरविली आणि दुकानांवरच्या पाट्या वाचवाचून जोडाक्षरे पक्की केली. १९४३ साली पहिले गीत रचणाऱ्या आणि १५ मे २००४ रोजी निधन होईपर्यंत खेड्यापाड्यांतून गात हिंडलेल्या या कवीने आपल्या एका संग्रहाचे नावच ‘हे गीत वामनाचे’ असे ठेवले. इतक्या सायासाने हाती आलेली अक्षरे ज्याने गीतागीताच्या अखेरीस ओवली, त्याची ती तीन अक्षरे आपण घड्याळाकडे पाहून टाकून द्यावीत काय?

नाममुद्रेची ही वहिवाट आपल्या जिल्ह्यास परकी नाही. गंगाखेडची जनाबाई पंढरपुरी नामदेवांच्या घरची दासी. तिच्या नावे ना शेत, ना घर, कोणत्या दप्तरात तिची नोंद होण्याचे कारणच नव्हते. तरी सुमारे सातशे वर्षांनंतर तिचे नाव आपल्या जिभेवर आहे, कारण अभंगाच्या अखेरच्या चरणातून ते कोणी गाळले नाही. दर्ग्याच्या उरुसात कव्वाली ऐकणारे जाणकार मक्त्याची, म्हणजे कवीचे नाव असलेल्या शेवटच्या शेराची, वाट पाहत बसतात. ज्या कव्वालीचा बाज भीमगीतांनी उचलला, तिची ही रीत तेवढी आपण वाटेत का सांडावी?

१९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या गाजलेल्या चित्रपटात माडगूळकरांच्या गीतांशेजारी दादांचेही एक गीत आहे. त्यावर वरातीत नाचणाऱ्या किती जणांस ते ठाऊक असेल? आकाशवाणीवर गीतापूर्वी कवीचे नाव सांगण्याचा शिरस्ता आहे. मंडपातील निवेदकांनीही तेवढी तसदी घ्यावी. ते विसरलेच, तर शेवटचे कडवे आठवण देते. म्हणूनच पुन्हा सांगतो, ते गाळू नका.

आपल्या परभणीचे गोंधळी राजाराम कदम यांच्याविषयीही मी बोलणार होतो. गोंधळात मुख्य गोंधळ्याच्या मागे संबळ आणि तुणतुणे घेऊन उभ्या असलेल्या साथीदारांच्या नावांचा प्रश्न याहूनही बिकट आहे, कारण तेथे नाव ठेवण्यास कडवेच नाही, कागदही नाही, आणि… परंतु काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली आहे. येत्या १४ एप्रिलला ज्यांच्या हाती माईक येणार आहे त्यांनी, वेळ अपुरा पडलाच, तर मधले एखादे कडवे सोडावे. शेवटचे म्हणावे.