पदवी एकच, देणं वेगळं

शिरूर-दौंडच्या मित्रमैत्रिणींनो, ‘नीट’चा निकाल लागला की मला हमखास विचारतात : बी.जे. की एएफएमसी? पहिलं १९४६चं, दुसरं १९४८चं. दोन्ही पुण्यातच आणि पदवीही नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच.

फरक पुढे आहे. एएफएमसीत शिक्षणाची फी नाही, पण नंतर सैन्यदलात डॉक्टर म्हणून सेवेचं बंधन. बदली देशात कुठेही. बी.जे.त फी आहे, शिक्षण ससूनमध्ये. सरकारी सेवेचं बंधन संपलं की गावी परतायला मोकळे.

‘मुलगी वर्दीत?’ असं घरात कुणी म्हणालं, तर अब्बा-अम्मींना समोर बसवून सांगा, तिथं मुलींसाठीही जागा आहेत. राज्य राखीव दलाच्या दौंडला वर्दी नवी नाही!

मार्कांमागे धावू नका. डॉक्टर होऊन कुणाची सेवा करायची, ते आधी ठरवा.