‘पोलराइझ’: मधली माणसे कुठे जातात?

‘पोलराइझ’ हे इंग्रजी क्रियापद आधी प्रकाशाचे होते, माणसांचे नंतर झाले. १८०८ साली एतिएन-लुई माल्यूस या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवरून परतणारे मावळतीचे ऊन स्फटिकातून पाहिले. स्फटिक फिरवला की दिसणाऱ्या दोन प्रतिमांपैकी कधी एक मंद होई, कधी दुसरी. या गुणाला त्याने दिलेल्या नावातून हे क्रियापद आले आणि पुढे राजकारणात रुळले. मराठीत ते ‘ध्रुवीकरण’ म्हणून बातम्यांत रोज भेटते.

‘डिव्हाइड’शी त्याची गल्लत होते. स्नेहसंमेलनासाठी शाळेचे चार हाऊस पाडले तर ते ‘डिव्हाइड’. ‘पोलराइझ’मध्ये टोके दोनच उरतात आणि मधल्यांना तिथे उभे राहणे कठीण होते.

हे कसे घडते, ते मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्हच्या शिबिरात पाहिले. जेमतेम अकरा-बारा वर्षांची २२ मुले दोन गटांत ठेवली. प्रत्येक गटाने आपले नाव ठरवले: ‘रॅटलर्स’ आणि ‘ईगल्स’. मग सामने लावले, बक्षिसे ठेवली. रस्सीखेचीत हरलेल्या ईगल्सनी दुसऱ्यांचा झेंडा जाळला. त्याची परतफेड झाली, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या. मुळात ही मुले एकसारख्याच घरांतली होती. भांडायला काही कारण नव्हते, ते पुरवले गेले. मुलांना अंधारात ठेवून केलेला असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

समेटासाठी दोन्ही गटांना एकत्र जेवू घातले, तर अन्नाची फेकाफेक झाली. शिबिराचे पाणी तुटले, ट्रक अडला, तेव्हा मात्र सर्वांनी मिळून खटपट केली आणि कटुता ओसरत गेली. परतीच्या वाटेवर रॅटलर्सनी आपल्या बक्षिसाचे पाच डॉलर सर्वांच्या माल्टेड मिल्कवर खर्च केले.

वाक्यात हे क्रियापद सकर्मकही चालते, अकर्मकही: एखादा प्रश्न गावाला ‘पोलराइझ’ करतो, किंवा गाव आपोआप ‘पोलराइझ’ होते. दुसरी रचना जरा सोयीची, कारण तिच्यात कर्ता लपतो. म्हणून वर्गात नुसती दोन मते पडली असतील, तर विद्यार्थ्यांनी ‘डिव्हाइड’च लिहावे; ‘पोलराइझ’ लिहायचे तर ते कोणी केले, हेही लिहावे.