सल्ला कोणाचा, हिशेब कोणापुढे?

(परभणी येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र शासनाने आर्थिक सल्लागार परिषद स्थापन केली. टाटा सन्सचे प्रमुख एन. चंद्रशेखरन तिचे अध्यक्ष झाले. राज्याची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरपर्यंत कशी न्यावी, हे सांगण्याचे काम तिच्याकडे आले. सदस्यांत बहुसंख्या उद्योग व वित्तक्षेत्रातील धुरिणांची होती. शेतमजूर वा ऊसतोड कामगारांच्या संघटनांना तीत स्थान नव्हते.

उद्योगपतींनी शासनाला सल्ला देण्यात गैर काही नाही. कारखाना कोठे निघतो आणि का निघतो, हे त्यांना ठाऊक असते. परंतु जसा प्रश्न, तसे उत्तर. एकूण उत्पन्न किती वाढेल एवढेच विचारले, तर मुंबई-पुण्याच्या वाढीनेही आकडा गाठता येतो. परभणी आहे तेथेच राहिली तरी बेरीज बिघडत नाही.

याच राज्यात वेगळा प्रश्नही विचारला गेला होता. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या वसमतला गोळीबार झाला. पुढे 1983 मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य यांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीहून किती मागे आहे, हे तिने मोजले. 1984 च्या अहवालातील सुमारे 3,187 कोटी रुपयांच्या अनुशेषापैकी सुमारे 751 कोटी मराठवाड्याचे होते. मागासलेपणाच्या तक्रारीला त्यामुळे आकड्याचे बळ लाभले.

घटनेच्या कलम 371(2) अन्वये 1994 मध्ये विकास मंडळे आली. त्यांचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याचे बंधन त्या कलमातच आहे. मंडळांना पुरेसे अधिकार नव्हते, हे खरे. तरी हिशेब लोकप्रतिनिधींपुढे येत होता. 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपली. त्यानंतर आलेल्या सल्लागार परिषदेवर असे कोणतेही घटनात्मक बंधन नाही.

म्हणून कार्यकर्त्यांची मागणी नेमकी असावी. परिषदेत शेतमजूर, कोरडवाहू शेतकरी व असंघटित कामगार यांचे प्रतिनिधी हवेत. परभणीच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांचे ज्ञान तेथे पोहोचले पाहिजे. प्रत्येक शिफारशीचा परिणाम जिल्हावार मांडला जावा आणि अहवालावर विधानसभेत चर्चा व्हावी. सल्ला बंद दाराआड दिला जातो, त्याची किंमत मात्र गावोगावची माणसे मोजतात. त्यांना हिशेब मागण्याचा अधिकार आहे.