सुप्रो घ्यायचा का? वऱ्हाडातला एक हिशोब

आजचा भाग गिटारवाल्यांसाठी आहे, पण जुन्या नावाची नवी वस्तू घ्यायची हौस असलेल्या कोणीही ऐकायला हरकत नाही.

अकोल्यातला माझा एक मित्र गिटार शिकवतो. दोन वर्षं क्लासच्या फीमधून पैसे बाजूला टाकलेत आणि आता त्याला सुप्रोचा ट्यूब अॅम्प घ्यायचाय. मी अमरावतीत. मला फोन करून म्हणतो, "तू त इंजिनिअर आहेस ना बे, सांग मंग, घेऊ का नको?"

सुप्रो म्हणजे शिकागोच्या व्हाल्को कंपनीचा ब्रँड. कंपनी १९६८ मध्ये बंद पडली. १९६९ मध्ये लेड झेपेलिनचा पहिला अल्बम आला, त्यात जिमी पेजने सुप्रोचा अॅम्प वापरला होता, म्हणून नाव टिकलं. २०१३ च्या सुमारास नव्या लोकांनी ते नाव घेऊन पुन्हा अॅम्प काढायला सुरुवात केली. आमच्या भाषेत, रेपोचं नाव तेच, टीम नवी, कोडही बराचसा नवा. यात वाईट काही नाही. साठ वर्षांचे कपॅसिटर बदलत बसण्यापेक्षा हे बरंच. फक्त पैसे पेजच्या नावाला जाताहेत की आतल्या सामानाला, ते पाहा.

मित्राचा बेत होता की अमेरिकेतला मावसभाऊ येताना घेऊन येईल, स्वस्त पडेल. इथेच मी त्याला थांबवलं. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३०, ५०. तिकडचा अॅम्प सरळ आपल्या सॉकेटला लावला तर नशीब असेल तर फ्यूज जाईल, नसेल तर ट्रान्सफॉर्मर. स्टेप-डाउन लावला की व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ ५० चे ५०च राहतात. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर त्यावर जास्त तापतो. आणि मे महिन्यातलं अकोला तुम्हाला माहीत आहे! पारा ४५ च्या वर, त्यात ट्यूब स्वतःच एक छोटी शेगडी. म्हणून मागच्या पट्टीवर २३० किंवा २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ लिहिलेलं असेल तरच पुढे बोलायचं.

मग वॅट. डेल्टा किंग मालिकेत १, ५ आणि १५ वॅटचे अॅम्प आहेत. त्याला १५ चा हवा होता. पण १५ वॅट म्हणजे ५ च्या तिप्पट आवाज नव्हे, फरक जेमतेम ५ डेसिबलचा. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. शिवाय ट्यूबचा तो गोड, फाटका आवाज तिला जोर दिल्यावरच येतो. १५ वॅटला तिथवर नेईपर्यंत शेजारचे काका दारात, "काहून रे पोट्टेहो, झोपू द्या ना!" क्लासच्या खोलीला ५ वॅट भरपूर, आणि स्टेजवर पुढे माईक ठेवता येतो.

ट्यूब कधीतरी जाणारच. एकेकाळी बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवायची. आता जगभरात मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ मध्ये रशियाचा पुरवठा अडकला तेव्हा भाव चढले होते. म्हणून अॅम्पसोबतच एक जादा सेट घेऊन ठेवा. आणि प्लग काढला तरी आत शेकडो व्होल्ट काही वेळ साठून राहतात, तेव्हा मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून उघडून घेऊ नका. त्यापेक्षा व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेले जुने मेकॅनिक बरे.

तर माझा सल्ला असा: ५ वॅटचा, इथल्या विजेचा, बिलासकट भारतातल्या डीलरकडून. तसा मिळत नसेल तर सुप्रोचा हट्ट सोडून वॉक्स पाहा. तेही जुनंच नाव, १९९२ पासून जपानच्या कॉर्गकडे आहे.

मित्राने डीलरकडे मागच्या पट्टीचा फोटो मागितलाय, अजून आलेला नाही. तोवर बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, कुठेही व्हॉल्व्हचं काम करणारे कोणी माहीत असतील तर मला नक्की कळवा.