कामाइशीची दरसालची शाकारणी

जपानचं नाव निघालं की आपल्याकडे कौतुक सुरू होतं ते तिथल्या गाड्यांचं, यंत्रांचं आणि भूकंपातही न पडणाऱ्या इमारतींचं. आज ज्या कामाइशीबद्दल बोलायचं आहे, त्या गावाचंही कौतुक असंच झालं होतं. होन्शू बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, इवाते प्रांतात हे लहानसं बंदराचं शहर आहे. 1978 साली तिथल्या खाडीच्या तोंडाशी लाटा अडवायला एक बंधारा बांधायला घेतला, तो 2009 साली पुरा झाला. समुद्रात 63 मीटर खोलीवरून उभारलेला, जगातला सर्वांत खोल बंधारा म्हणून गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. पुढे दोनच वर्षांनी, 11 मार्च 2011 च्या भूकंपामागून आलेल्या त्सुनामीत, तो फुटला आणि शहरातली हजाराहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी त्याच शहरातली शाळकरी मुलं मात्र जवळजवळ सगळी वाचली. जवळपास तीन हजार मुलांपैकी गेली ती पाच, आणि ती पाचही त्या वेळी शिक्षकांच्या देखरेखीत नव्हती. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा, एवढंच आज मला सांगायचं आहे. समुद्रापासूनचा बचाव एकदा बांधून मोकळं होण्याची वस्तू नाही. ते दरवर्षी नव्याने करायचं काम आहे.

कौलारू घरात राहिलेल्यांना हे फोडून सांगायला नको. मृग लागण्याआधी कौलं शाकारावीच लागतात. माकडांनी सरकवलेलं कौल, फुटलेला कोना, किडलेली रीप हे सगळं गेल्या वर्षी ठीक होतं, म्हणून यंदा ठीक असेल असं कुणी धरून चालत नाही. एक जण वर चढतो, दुसरा खालून कौल देतो, आणि पोरंसोरं पाहता पाहता शिकतात की पाणी नेमकं कुठून शिरतं. स्लॅबचं घर झालं की ही कटकट संपते. पण कटकटीबरोबर वर चढणारा माणूसही संपतो, आणि पुढे स्लॅब गळायला लागला की आढ्याकडे बघायची नजर घरात कुणाकडेच उरलेली नसते. कामाइशीचा बंधारा हा असा स्लॅब होता.

कुणी म्हणेल, एवढा धोका होता तर हे लोक किनाऱ्यावर राहिले तरी का? त्याचं उत्तर तिथल्या जमिनीत आहे. या सानरिकू किनाऱ्यावर डोंगर थेट पाण्यात उतरतात. सपाट जागा मिळते ती नदीच्या मुखाशी, अरुंद खाडीच्या टोकाला, आणि खाडी आत निमुळती होत गेल्यामुळे आलेली लाट तिथेच सर्वांत उंच चढते. समोरच्या समुद्रात थंड ओयाशिओ आणि उष्ण कुरोशिओ हे दोन प्रवाह भेटतात, त्यामुळे मासळीला तोटा नाही. पाठीमागच्या डोंगरात लोखंडाचं खनिज. ओशिमा ताकातो यांनी 1857-58 मध्ये याच डोंगरात पाश्चात्त्य पद्धतीच्या झोतभट्ट्या पेटवल्या. त्यांतल्या हाशिनोच्या भट्टीचे अवशेष 2015 पासून जागतिक वारसा आहेत. सरकारने 1880 साली काढलेला कारखाना कोळशाअभावी दोन-तीन वर्षांत बंद पडला. पुढे तो घेणाऱ्या तानाका चोबेई यांची भट्टी 48 वेळा फसून 1886 मध्ये 49 व्या खेपेला चालली. ज्या गावाने पोटासाठी एवढी चिकाटी धरली, त्याला ‘डोंगरावर जाऊन राहा’ असं सांगणं सोपं आहे. 1896 आणि 1933 च्या लाटांनंतर या किनाऱ्यावर काही वस्त्या वर सरकल्याही होत्या. पण होडी खाली, जाळं खाली, मासळीचा लिलाव खाली. वर गेलेली माणसं हळूहळू पुन्हा खाली आली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. किनारा सुटणार नसेल, तर शाकारणीही सुटणार नाही, एवढंच ध्यानात ठेवायचं.

1896 ची गोष्ट जरा थांबून ऐकावी अशी आहे. 15 जूनचा दिवस, जुन्या पंचांगाप्रमाणे मुलांचा सण. चीनशी झालेल्या युद्धातून परतलेल्या शिपायांचं कौतुक घरोघर चाललेलं. संध्याकाळी भूकंप झाला, पण सौम्य. भिंती हलल्या नाहीत, भांडी पडली नाहीत, म्हणून कुणी उठलं नाही. अर्ध्या तासाने लाट आली. कामाइशीच्या साडेसहा हजारांच्या वस्तीतली चार हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि सबंध किनाऱ्यावर सुमारे 22 हजार. ज्यांनी यातून ‘जोराचा धक्का बसला तर पळायचं’ एवढाच धडा घेतला, त्यांनी उलटाच धडा घेतला. ती लाट जोराच्या धक्क्याशिवायच आली होती. 1933 ला ती पहाटे अडीच-तीनच्या सुमाराला, मार्चच्या थंडीत आली. दर वेळी वेगळी. पाऊस काही गेल्या वर्षीच्याच भोकातून गळत नाही.

आणि मग मोठ्या लाटांमध्ये दीर्घ खंड पडला. 14 जुलै 1945 ला अमेरिकी युद्धनौकांनी जपानच्या मुख्य बेटांवर पहिला तोफमारा केला तो कामाइशीच्या पोलाद कारखान्यावर. 9 ऑगस्टला दुसरा झाला. सातशेहून जास्त माणसं गेली. गाव पुन्हा उभं राहिलं, भट्ट्या पुन्हा पेटल्या, 1963 मध्ये लोकसंख्या 92 हजारांवर गेली. कारखान्याच्या रग्बी संघाने 1979 ते 1985 अशी सलग सात वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. या भरभराटीत बाहेरून कामाला आलेल्या हजारो कुटुंबांच्या घरात 1896 ची आठवण सांगणारी आजी कुठून असणार? 1989 ला शेवटची झोतभट्टी विझली, तरुण बाहेर पडले. राहिले ते बहुतेक म्हातारे, आणि खाडीच्या तोंडाशी आकार घेणारा बंधारा.

बंधाऱ्याविरुद्ध मी बोलतो आहे असा समज होईल, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. बंधारा फुकट गेला नाही. बंदरांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांच्या गणिताप्रमाणे तो नसता तर बंदरात पाणी 13.7 मीटर चढलं असतं, ते 8 मीटरच्या आसपास राहिलं, आणि किनाऱ्याची भिंत ओलांडायला लाटेला सहा मिनिटं जास्त लागली. सहा मिनिटांत डोंगराची अर्धी चढण होते. पण ती कुणाच्या कामी आली? जो आधीच निघाला होता त्याच्या. घरात बसून ‘बंधारा आहे’ म्हणणाऱ्याला सहा काय आणि साठ काय. त्या दिवशी पहिला सरकारी इशारा इवातेसाठी तीन मीटर लाटेचा होता. पुढे तो सहा आणि मग दहा मीटरहून जास्त असा वाढवला. पण तोवर वीज गेलेली, वाढलेला आकडा कित्येकांपर्यंत पोचलाच नाही. ज्यांच्या कानात तीन मीटर राहिले, त्यांनी मनात बंधाऱ्याची उंची मोजली आणि ते थांबले.

आता मुलांकडे येऊ. उनोसुमाई हा शहराचा उत्तरेकडचा भाग. तो ओत्सुचीच्या खाडीवर आहे, म्हणजे त्या मोठ्या बंधाऱ्याच्या आडोशाला नव्हताच. तिथे प्राथमिक आणि माध्यमिक शाळा शेजारी शेजारी होत्या. पालिकेच्या धोक्याच्या नकाशात त्या दोन्ही पाणी येणाऱ्या रेषेच्या बाहेर. गुन्मा विद्यापीठाचे काटाडा तोशिताका हे प्राध्यापक काही वर्षं आधीपासून शिक्षकांबरोबर काम करत होते. आपलं घर रेषेबाहेर आहे हे पाहून मुलं खूश व्हायची, तेव्हा ते त्यांना बजावायचे की नकाशावर विश्वास टाकू नका, जमेल तितकं करा, आणि पळणारे पहिले तुम्ही व्हा. 11 मार्चला ध्वनिक्षेपक बंद होता. माध्यमिकची मुलं सूचनेची वाट न पाहता धावत सुटली. प्राथमिकची मुलं आधी तिसऱ्या मजल्यावर गेली होती. मोठी मुलं पळताना दिसली तशी तीही खाली उतरून मागे निघाली. ठरलेल्या ठिकाणी, वृद्धांच्या एका निवासाजवळ, सगळी पोचली. तिथे मागचा कडा ढासळत होता, म्हणून मुलं आणखी वरच्या दुसऱ्या वृद्धकेंद्राकडे निघाली. मोठ्यांनी छोट्यांचे हात धरले होते, बालवाडीच्या बाळांच्या गाड्या ढकलल्या होत्या. मागे पाणी दिसलं, तेव्हा तिथूनही वर खिंडीकडे. पहिलं ठिकाण काही मिनिटांत बुडालं. प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर एक मोटार येऊन अडकली होती. नकाशावर ती शाळा सुरक्षित होती.

याला चमत्कार म्हणण्याची पद्धत पडली, आणि इथेच मला थोडं रागवायचं आहे. चमत्कार म्हटलं की आपण हात जोडून मोकळे होतो, कष्ट कुणाचे ते विचारत नाही. नशिबाचा भाग होता, हे मान्य. कडा वेळेवर ढासळला नसता, तर कदाचित मुलं पहिल्याच ठिकाणी थांबली असती. पण नशीब वाटेवरच्याला भेटलं. शहराच्या मध्यभागातल्या कामाइशी प्राथमिक शाळेची 184 मुलं त्या दिवशी लवकर सुटली होती. कुणी घरी, कुणी खेळायला, कुणी मासे धरायला. हाताशी शिक्षक नाही, शेजारी मोठं माणूस असेलच असं नाही, तरी सगळी वाचली. काहींनी ‘इथवर पाणी येत नाही’ म्हणणाऱ्या आजी-आजोबांनाही ओढून वर नेलं. नशीब एकाला साथ देईल, 184 जणांना वेगवेगळ्या गल्ल्यांत नाही देणार. हे पळणं वर्गात, गणिताच्या आणि भूगोलाच्या तासालाही थोडं थोडं मुरवलेलं होतं. घरी आईला आधीच सांगून ठेवायचं, मी नक्की पळेन, तू मला शोधायला येऊ नकोस. ऐकायला हे निष्ठुर वाटतं, तसा आक्षेपही घेतला जातो. पण पोराला आणायला शाळेकडे परत फिरणारी आई आणि आईची वाट पाहत थांबलेलं पोर दोघंही जातात, हे त्या किनाऱ्याने पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

याच उनोसुमाईत दुसरी गोष्ट घडली, आणि तिच्याशिवाय पहिली सांगणं अर्धवट होईल. तिथे 2010 साली एक दुमजली आपत्ती निवारण केंद्र उघडलं. त्सुनामीत आसरा घ्यायचं ते ठिकाण नव्हतं. खरं ठिकाण लांब आणि चढावर. पण सरावाला म्हातारी माणसं तिथवर येणार नाहीत, निदान माणसं जमावीत, म्हणून सराव या जवळच्या केंद्रात होत राहिला. 11 मार्चला माणसं सरावात गेली होती तिथेच गेली. दीडशेहून जास्त जण त्या इमारतीत मृत्युमुखी पडले. सराव झाला नव्हता असं नाही. चुकीच्या जागेचा झाला होता. हात सहज पोचतो ती वळचणीची कौलं बदलायची आणि आढ्याजवळची तशीच ठेवायची, असं झालं. पुन्हा सांगतो, कारण ऐकताना हे निसटतं: शाकारणी सोयीची करून चालत नाही.

आज ते केंद्र तिथे नाही, त्या जागी स्मृतिस्थळ आहे. शाळा डोंगरावर गेल्या, आणि त्यांच्या जुन्या जागेवर बांधलेल्या मैदानात 2019 च्या रग्बी विश्वचषकात उरुग्वेने फिजीला हरवलं. बंधारा पुन्हा उभारला आहे, आणि ओत्सुचीच्या खाडीवर साडेचौदा मीटरची भिंत आली आहे. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते मात्र फार छोटं आहे. 2014 पासून दर फेब्रुवारीत, ऋतुबदलाच्या सणाच्या वेळी, लोक खालच्या वस्तीतून सेन्जुइन या देवळापर्यंत चढण पळत जातात. अंतर तीनशे मीटरच्या आत, चढ 26 मीटरच्या आसपास. बक्षिसाचं आमिष लहान, पण पायांना वाट ठाऊक होते. लाटेच्या वेळी माणसं याच देवळाकडे धावली होती. शहराने 2019 मध्ये नागरिकांची सनदही केली आहे: तयारी ठेवायची, पळायचं, परत फिरायचं नाही, पुढच्यांना सांगत राहायचं.

चौथं कलम आता सर्वांत अवघड होत चाललं आहे. शहराची वस्ती तीस हजारांच्या आसपास आली आहे. त्या दिवशी धावलेली मुलं मोठी झाली, त्यांतली कित्येक कामासाठी बाहेर गेली, आणि आज प्राथमिक शाळेत बसलेलं एकही मूल 2011 च्या आधी जन्मलेलं नाही. नव्या भिंतीमागे राहणाऱ्या या मुलांना कित्येक ठिकाणी घराच्या दारातून समुद्र दिसतही नाही. शाळेतल्या मुलांचं एक वेळ होईल, शिक्षक आहेत. एकट्या राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाईंनी 26 मीटर कसं चढायचं, त्यांच्याकडे कुणी जायचं, आणि जाणाऱ्याच्या जिवाचं काय, याला ‘प्रत्येकाने आपापलं पळावं’ हे उत्तर पुरत नाही, हे मीही मानतो. शेजाऱ्यांनी आधी बसून हे ठरवायला हवं, तेही दर वर्षी, कारण शेजारी बदलतात आणि गुडघेही बदलतात. आणि सराव होतात ते बहुतेक दिवसाउजेडी. 1933 ची लाट पहाटे, अंधारात आणि बर्फात आली होती, त्या अंधारासाठी वेगळी तयारी लागते. तो विषय मोठा आहे आणि माझा वेळ संपला.